सीएची सही आज चालते का? दरवर्षी नव्याने करावा लागणारा परवाना नेमका काय असतो

घराचं कर्ज, मुलीचा परदेशातला व्हिसा, सोसायटीचा वार्षिक हिशेब, दुकानाचं टॅक्स ऑडिट. या सगळ्या कागदांच्या शेवटी एक सही आणि गोल शिक्का लागतो, तो सीएचा. आपण सही बघतो, शिक्का बघतो आणि फाईल पुढे सरकवतो. ती सही करणाऱ्याला त्या दिवशी सही करण्याचा अधिकार होता का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

एकदा परीक्षा पास झाली की माणूस जन्मभर सीए, असं आपण धरून चालतो. हे अर्धंच खरं आहे. परीक्षेचा निकाल कुणी परत घेत नाही, पण सही करायचा परवाना मात्र दरवर्षी चालू ठेवावा लागतो. तो बंद पडला तर त्याचा त्रास सीएइतकाच त्याच्याकडे फाईल देणाऱ्यालाही होऊ शकतो.

सीए असणं वेगळं, सही करता येणं वेगळं

भारतात सीएंची नोंदणी आणि नियमन करणारी संस्था एकच आहे, ती म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, थोडक्यात आयसीएआय. संसदेने केलेल्या १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने ती उभी राहिली. १ जुलै १९४९ हा तिचा स्थापना दिवस, म्हणून दर १ जुलैला सोशल मीडियावर ‘हॅपी सीए डे’चा पूर येतो. आज संस्थेचे ४ लाखांहून जास्त सदस्य आहेत.

परीक्षा आणि आर्टिकलशिप पूर्ण झाली की संस्थेच्या रजिस्टरमध्ये नाव नोंदवता येतं. ही झाली पहिली पायरी, सदस्यत्व. नावाआधी ‘सीए’ लावायला एवढं पुरतं. पण स्वतःचं ऑफिस थाटून लोकांची ऑडिट करायची, दाखले द्यायचे, तर कायद्याच्या कलम ६ नुसार आणखी एक कागद लागतो, सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस. बोलताना सगळे त्याला सीओपी म्हणतात. वकिलांची सनद असते तसंच हे. मराठीत सीएला आपण ‘सनदी लेखापाल’ म्हणतो. त्यातली सनद म्हणायची तर हीच.

बँकेत, आयटी कंपनीत, एखाद्या कारखान्याच्या अकाउंट्स विभागात नोकरी करणारे हजारो सीए आहेत. त्यांच्यातल्या अनेकांकडे सीओपी नसतो आणि त्यात काहीच गैर नाही. ते सीएच असतात, फक्त बाहेरच्या कुणाच्या ऑडिट रिपोर्टवर सही करू शकत नाहीत.

हा फरक फक्त संस्थेच्या नियमावलीत आहे असंही नाही. कंपनी कायदा, २०१३ मध्ये ‘चार्टर्ड अकाउंटंट’ या शब्दाची व्याख्याच अशी आहे की ज्याच्याकडे वैध सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस आहे तो. आयकर कायद्यातही ‘अकाउंटंट’ म्हणजे वैध सीओपी असलेला सीए. म्हणजे सीओपी नसलेला माणूस कितीही हुशार असो, त्या कामापुरता तो कायद्याच्या नजरेत सीए नाहीच.

इथे एक गोंधळ मिटवून टाकू. आपल्याकडे रिटर्न भरून देणाऱ्या प्रत्येकाला सरसकट ‘आमचे सीए’ म्हणायची पद्धत आहे. साधं आयकर रिटर्न भरून द्यायला सीए असावं लागत नाही. टॅक्स कन्सल्टंट, अकाउंटंट, कुणीही मदत करू शकतं. प्रश्न येतो तो ऑडिट आणि दाखल्यांचा. म्हणून ‘आमचे सीए’ खरंच सीए आहेत का, हे एकदा तरी विचारून घेतलेलं बरं.

३० सप्टेंबरला काय होतं?

सदस्यत्वाचं आणि सीओपीचं वार्षिक शुल्क दरवर्षी १ एप्रिलला देय होतं. भरायची शेवटची मुदत ३० सप्टेंबर. रक्कम काही हजारांत असते. असोसिएट सदस्याला कमी, फेलो सदस्याला जास्त. पैसे संस्थेच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचे. सगळं काम दहा मिनिटांचं.

मग ते राहतं कसं? कॅलेंडर बघा. कंपन्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा साधारणपणे ३० सप्टेंबरच्या आत. महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांची सभाही ३० सप्टेंबरच्या आत. टॅक्स ऑडिट रिपोर्टची नेहमीची मुदतही ३० सप्टेंबरच. ती बऱ्याचदा वाढवून मिळते, पण ऐनवेळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीएच्या ऑफिसात रात्रीचे अकरा वाजलेले असतात, पोर्टल गोलगोल फिरत असतं आणि दहा क्लायंट ‘साहेब, आमचं झालं का?’ म्हणून फोन करत असतात. दुसऱ्यांच्या तारखा सांभाळणाऱ्याची स्वतःची तारीख अशा दिवसांत निसटू शकते. ही मुदत दुसऱ्या एखाद्या महिन्यात ठेवली असती तर बरं झालं असतं, असं मला तरी वाटतं.

मुदत चुकली तर दोन गोष्टी होऊ शकतात. सदस्यत्वाचं शुल्क राहिलं असेल तर नाव रजिस्टरमधून काढलं जातं. नाव गेलं की सीओपी आपोआप रद्द. आणि फक्त सीओपीचं शुल्क राहिलं असेल तर सदस्यत्व टिकतं, पण परवाना जातो.

परत यायचा रस्ता आहे. अर्ज करायचा, थकलेलं शुल्क भरायचं, सदस्यत्व गेलं असेल तर वर जादा शुल्क द्यायचं. इथे एक बारीक नियम फार महत्त्वाचा ठरतो. त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे ३१ मार्चच्या आत सगळं पूर्ण केलं, तर नाव आणि परवाना जिथे तुटला होता त्या तारखेपासून जोडून मिळतो. कागदोपत्री खंड पडत नाही. वर्ष उलटून गेलं तर मागच्या तारखेची ही सवलत जाते आणि मध्ये एक भगदाड राहतं. त्या भगदाडात केलेली सही ही परवाना नसताना केलेली सही ठरते.

अशी सही तुमच्या कागदावर असेल तर?

समजा, ४० फ्लॅटची सोसायटी आहे. ऑडिट झालं, अहवाल सभेत मंजूर झाला. पुढे कमिटीत भांडण लागलं आणि कुणीतरी उपनिबंधकांकडे तक्रार केली की ऑडिटरकडे तेव्हा परवानाच नव्हता. आता वाद हिशेबाचा राहत नाही. अहवाल ग्राह्य धरायचा की नाही इथून सुरुवात होते, आणि पुन्हा ऑडिट करायची वेळ आली तर दुसऱ्यांदा फी सोसायटीच्याच खिशातून जाते.

महाराष्ट्रात सहकारी संस्थांसाठी आणखी एक चाळणी आहे. सीओपी असलेला कुठलाही सीए सोसायटीचं ऑडिट करू शकत नाही. त्याचं नाव सहकार खात्याच्या मान्यताप्राप्त लेखापरीक्षकांच्या पॅनेलवर असावं लागतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ मध्ये हे आहे. त्यातच सीएला सहकारी संस्थांच्या ऑडिटचा किमान एका वर्षाचा अनुभव आणि कामापुरतं मराठी यायला हवं, अशीही अट आहे. (या पॅनेलवर सगळे सीएच असतात असंही नाही. जीडीसी अँड ए ही पदविका घेतलेले प्रमाणित लेखापरीक्षकही असतात.) म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीने दोन गोष्टी बघायच्या: पॅनेलवर नाव आहे का, आणि ऑडिटर सीए असेल तर त्याचा सीओपी चालू आहे का.

व्यापाऱ्याच्या बाबतीत तर अडचण लगेच खिशाला लागते. टॅक्स ऑडिटचा रिपोर्ट वैध सीएचा नसेल तर ऑडिट झालंच नाही असं धरलं जाऊ शकतं, आणि वेळेत ऑडिट न केल्याचा भुर्दंड करदात्यावर येतो, सीएवर नाही.

तीन वर्षांत १२० तास

शुल्क भरणं ही सोपी अट झाली. परवाना टिकवायचा तर शिकत राहायची अटही आहे. तिचं नाव कंटिन्यूइंग प्रोफेशनल एज्युकेशन, म्हणजे सीपीई. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांच्या टप्प्यासाठी ६० वर्षांखालच्या, सीओपी असलेल्या सदस्याला एकूण १२० तास पूर्ण करायचे होते. त्यातले किमान ६० तास ‘स्ट्रक्चर्ड’, आणि असे स्ट्रक्चर्ड तास दरवर्षी किमान २०. हे वर्ष एप्रिल-मार्चचं नसून जानेवारी-डिसेंबरचं असतं. शुल्काचं वर्ष वेगळं, तासांचं वर्ष वेगळं, त्यामुळे इथेही गोंधळ होतो.

स्ट्रक्चर्ड म्हणजे संस्थेने किंवा तिच्या शाखांनी घेतलेली चर्चासत्रं, परिषदा, ठरलेले ऑनलाइन कोर्स. जिथे हजेरीची नोंद होते. अनस्ट्रक्चर्ड म्हणजे स्वतः वाचन, अभ्यास, गटचर्चा वगैरे, ज्याची माहिती सदस्याने स्वतःच जाहीर करायची. नव्या सदस्याला पहिल्या कॅलेंडर वर्षात यातून सूट असते, आणि गरोदरपणाच्या कारणाने महिला सदस्यांना एका वर्षाची सूट मिळू शकते. नोकरी करणाऱ्या, सीओपी नसलेल्या सदस्यांनाही तास चुकत नाहीत, पण त्यांची संख्या कमी असते.

महाराष्ट्र आणि गोवा संस्थेच्या पश्चिम विभागात येतात, गुजरातसोबत. मुंबई-पुण्यापुरतं हे मर्यादित नाही. नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नागपूर, अकोला, लातूर, गोवा अशा अनेक ठिकाणी शाखा आहेत आणि सीपीईचे कार्यक्रम तिथेही होतात. तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्यासाठी पूर्वी एका दिवसाच्या सेमिनारसाठी एसटीने जिल्ह्याला जाणं हाच मार्ग होता. ऑनलाइन कार्यक्रमांनी तो ताण बराच कमी केला.

हे सगळं कशासाठी? १९९८ साली पास झालेल्या एखाद्या सीएचा विचार करा. त्याने अभ्यासक्रमात जीएसटी शिकलेला नाही, कारण जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. कंपन्यांच्या हिशेबाची नवी मानकं, इंड-एएस, २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तो शिकला तो कंपनी कायदा १९५६ चा, आता चालतो तो २०१३ चा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं झालं आणि ऑडिटरला त्यावर मत द्यावं लागतं. आणि १९६१ चा आयकर कायदा, ज्याची कलमं सीएंना झोपेतही पाठ असतात, त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. ‘८० सी’ म्हणायची सवय मोडायला आपल्या सगळ्यांनाच काही वर्षं लागतील, पण सीएला तेवढी उसंत नाही.

तरीही तासांच्या हिशेबावरचा जुना आक्षेप रास्त आहे. तास मोजले जातात ते हजेरीचे. सभागृहात मागच्या रांगेत बसून मोबाइलवर क्लायंटला उत्तरं देणाऱ्याचेही तेवढेच तास भरतात जेवढे पुढे बसून वही भरणाऱ्याचे. परवाना चालू ठेवण्यासाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणून ‘तास पूर्ण’ याचा अर्थ ‘माणूस अद्ययावत’ असा सरळ काढता येत नाही. पण तास अपुरे राहणं हा नियमभंग आहे, आणि संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांचा भंग हा कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार व्यावसायिक गैरवर्तनात मोडू शकतो.

अमेरिकेत नातेवाईक असलेल्यांना सीपीए हा शब्द ओळखीचा असेल. तिथे परवाना देशाची एखादी संस्था देत नाही, प्रत्येक राज्याचं बोर्ड देतं. कॅलिफोर्नियात तो दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो, त्यासाठी ८० तासांचं शिक्षण लागतं आणि मुदत संपते ती परवानाधारकाच्या जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी. वाढदिवस लक्षात राहतो, त्यामुळे परवानाही लक्षात राहत असावा; निदान सगळ्यांची घाई एकाच दिवशी होत नाही. इथला सीए तिकडे गेला म्हणून त्याला तिथे ऑडिटवर सही करता येत नाही, त्यासाठी त्या राज्याचा परवाना लागतो.

‘मी नोकरी करतो, पण सही देतो’

असं सांगणारा मित्र किंवा नातेवाईक भेटला तर सावध व्हा. नोकरी करताना अर्धवेळ सीओपी ठेवायची परवानगी मिळू शकते. पण १ एप्रिल २००५ पासून असा नियम आहे की पूर्णवेळ प्रॅक्टिसमध्ये नसलेल्या सदस्याला ऑडिट किंवा साक्षांकनाचं काम करता येत नाही. सल्ला देऊ शकतो, ऑडिट रिपोर्टवर सही करू शकत नाही. त्यामुळे ‘सीओपी आहे का?’ एवढा प्रश्न अपुरा पडतो. ‘पूर्णवेळ सीओपी आहे का?’ असं विचारायचं.

आणि शुल्क, तास सगळं वेळेवर असूनही सही थांबू शकते. शिस्तभंगाच्या कारवाईत संस्था काही काळासाठी किंवा कायमचं नाव काढू शकते. मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटवर नजर ठेवण्यासाठी १ ऑक्टोबर २०१८ ला नॅशनल फायनान्शियल रिपोर्टिंग ऑथॉरिटी स्थापन झाली; तिला दोषी ऑडिटरवर ६ महिन्यांपासून १० वर्षांपर्यंत बंदी घालता येते. फर्मच्या कामाची सहव्यावसायिकांकडून तपासणी होते, तिला पीअर रिव्ह्यू म्हणतात. त्याचं प्रमाणपत्र ठराविक मुदतीचं असतं आणि ते नसेल तर शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचं ऑडिट करता येत नाही. सामान्य माणसाचा याच्याशी संबंध येतो तो शेअर्स घेताना, सोसायटीच्या सभेत नाही.

मग आपण तपासायचं कसं?

इथे मात्र गेल्या काही वर्षांत फार चांगली सोय झाली आहे. तिचं नाव युडिन, म्हणजे प्रत्येक कागदाला मिळणारा १८ अंक-अक्षरांचा वेगळा क्रमांक. सीए नसलेले लोक सीएच्या नावाने खोटे दाखले देत होते, त्यावरचा उपाय म्हणून तो आला. १ फेब्रुवारी २०१९ पासून दाखल्यांना, १ एप्रिल २०१९ पासून टॅक्स ऑडिट आणि जीएसटी ऑडिटला, आणि १ जुलै २०१९ पासून साक्षांकनाच्या बाकी सगळ्या कामांना तो सक्तीचा झाला.

क्रमांक वाचायला सोपा आहे. पहिले दोन आकडे वर्षाचे. पुढचे सहा आकडे म्हणजे सीएचा सदस्य क्रमांक. उरलेले दहा संगणकाने दिलेले. हातातल्या कागदावर सहीखाली छापलेला सदस्य क्रमांक आणि युडिनमधले ते सहा आकडे जुळत नसतील, तर पुढचं काही बघायची गरजच नाही.

जुळत असतील तर युडिन डॉट आयसीएआय डॉट ऑर्ग या पोर्टलवर जायचं. तिथे ‘व्हेरिफाय’चा पर्याय आहे. स्वतःचं नाव, मोबाइल आणि ईमेल द्यायचा, ओटीपी टाकायचा, युडिन भरायचा. कागद कुठल्या प्रकारचा, सही कुठल्या तारखेची, त्यातले मुख्य आकडे कोणते, हे समोर येतं. तुमच्या हातातल्या दाखल्यावर उलाढाल ५० लाख आहे आणि पोर्टलवर ५ लाख दिसतेय, तर कुणीतरी मधे शून्य वाढवलंय.

आपल्या विषयाशी जोडलेली गोष्ट पुढे आहे. युडिन फक्त चालू, पूर्णवेळ सीओपी असलेल्या सदस्यालाच काढता येतो. परवाना बंद पडला की पोर्टल क्रमांक देतच नाही. म्हणजे सही करायचा अधिकार आहे की नाही, याचा निवाडा तिथेच होतो. सही केल्यापासून ६० दिवसांपर्यंत युडिन काढायची मुभा आहे, त्यामुळे अगदी ताज्या कागदावर तो नसणं लगेच फसवणूक ठरत नाही. पण ‘नंतर देतो’ म्हणून दोन महिने गेले, तर कारण विचारायला हवं.

युडिन फक्त एवढंच सांगतो की हा कागद या सीएने दिला आहे. आतले आकडे खरे आहेत याची तो हमी देत नाही. याशिवाय संस्थेच्या वेबसाइटवर सदस्य क्रमांक टाकून सीए शोधण्याचीही सोय आहे. काम देण्याआधीच तिथे बघून घेतलं तर पुढची धावपळ वाचते.

गडबड आढळली तर तक्रार कुठे?

आधी तो माणूस संस्थेचा सदस्य आहे का, ते बघा, कारण रस्ते दोन आहेत. सदस्य आहे आणि परवान्याशिवाय सही केली, तर तक्रार आयसीएआयच्या शिस्तपालन संचालनालयाकडे ठरलेल्या नमुन्यात, शुल्कासह करायची. प्रकरण गंभीर असेल तर ते शिस्तपालन समितीपुढे जातं.

सदस्यच नसेल, म्हणजे सीए असल्याचं सोंग असेल, तर संस्थेची शिस्तपालन यंत्रणा त्याला हात लावू शकत नाही. ती फक्त आपल्या सदस्यांसाठी असते. तिथे पोलिसांत फसवणुकीची आणि बनावट दस्तऐवजाची फिर्याद द्यावी लागते. सदस्य नसताना चार्टर्ड अकाउंटंट म्हणवून घेणं हा १९४९ च्या कायद्यानुसारही गुन्हा आहे. तो दाखला बँकेत किंवा सरकारी कार्यालयात आधीच दिला असेल, तर तिथेही लेखी कळवा आणि पोच घ्या, नाहीतर बनावट कागद सादर करणारे म्हणून प्रश्न आधी तुम्हालाच विचारले जातील.

कागदाची मूळ प्रत, फी दिल्याची पावती किंवा यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, हे सगळं जपून ठेवा. आणि फार थांबू नका. घटनेला ७ वर्षांहून जास्त काळ उलटला असेल आणि पुरावा मिळणं अवघड झालं असेल, तर संचालक तक्रार दाखल करून घ्यायला नकार देऊ शकतात.